कोरा तास

वाळपईच्या फॅक्टरीत
काजूगर तोलणारा मी.
माझ्या वहीत माणसं किलोंनी येतात.

प्रेमावती मळीक:
गेल्या चवथीपर्यंत अकरा, कधी साडेअकरा.
गर अखंड, कुठे ओरखडा नाही.
आता सात.
त्यातही पाकळी जास्त, तुकडा जास्त.
तुकड्याला दर निम्मा,
हे मी तिला सांगायला नको.

आठला कदंबा तिला फाट्यावर सोडते.
नऊपर्यंत बोटं तिची नसतात.
चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसते,
पीत नाही.
चहा निवला की साय बोटाने सारून
एका घोटात संपवते आणि म्हणते, "सुटलीं गे."
शेजारची शर्मिला काही विचारत नाही,
बारीक बिया आपल्याकडे ओढून
मोठ्या तेवढ्या तिच्या टोपलीत सरकवते.

बांबोळीच्या डॉक्टरनं लिहून दिलंय,
हातांना विश्रांती.
तो कागद चौघडी करून
तिने स्टुलाच्या आखूड पायाखाली घातलाय.
स्टूल आता हलत नाही.

नवा मॅनेजर मडगावचा.
त्याने भिंतीवर आलेख लावला,
तासाला किती, माणशी किती.
"ह्या बाईचा पहिला तास कोरा कसा?"
मी म्हटलं, दांडा धरतो सकाळचा,
वंगण पोचेपर्यंत वेळ जातो.
खोटं नव्हतं ते.

एकदा जेवणाच्या सुट्टीत
तिच्या जागेवर बसून मी वीस बिया फोडल्या.
पाय पॅडलवर, हात दांड्यावर, मनगट सारखं वळतं.
अखंड निघाले तीन.
माझे सांधे धड आहेत.

सोमवारी अंगठ्याचं यंत्र आलं.
तिने अंगठा टेकवला. परत टेकवला.
पदराला पुसून परत.
एकवीस वर्षं टरफलाचं तेल खाऊन
अंगठ्यावर एक रेघ उरलेली नाही.
यंत्र म्हणालं, ओळख पटत नाही.
"म्हाकाय पटना," ती हसली, "सकाळीं."

संध्याकाळी तिची टोपली काट्यावर ठेवली.
काटा सातापाशी थरथरत होता.
तो थांबायची वाट न बघता
मी साडेसात लिहिलं
आणि पुढचं नाव पुकारलं.