काठ

गांधीबागेत कापडाच्या गठाणी उघडतात
तेव्हा पिवळ्या पट्ट्या सटासट तुटून नालीत जातात.
त्याच मी गोणीत भरून आणल्या
आणि पाचपावलीच्या ओट्यावर बसून विणल्या,
उभ्या-आडव्या, चार बोटांच्या अंतरानं.

सतरा वर्षं झाली माग विकून.
भंगारवाल्यानं धोटासुद्धा तोलून नेला.
बोटं मात्र विसरली नव्हती.

उकंडराव मिस्त्री हसले आधी.
"वहिनी, भिंतीले लुगडं नेसवता का?
नागपुरात उन्हानं माणूस मरते,
भूकंपानं कोण मेलं इथं?"
म्हटलं, मागच्या पोळ्याच्या रात्री
मांडणीवरची ताटं वाजली, तेव्हा कुठं होते तुम्ही?
"झोपून होतो."
मग करणी पुसता पुसता, हळूच:
"बायको उठली होती."

हेडाऊंची धाकटी, इंजिनीअरिंगवाली,
तिनं भिंतीवर खडूनं ठिपके काढले,
रांगोळीचे काढतात तसे, हात-हात सोडून.
ठिपक्यागणिक एक भोक.
जाळी आतून, जाळी बाहेरून,
आणि भोकातून तार ओवायची
मी आत, उकंडराव बाहेर,
गोधडीला दोघींनी टाके घालावे तसं.
तार आली की ते ओरडत, "आली!"
जुन्या गाऱ्याची माती माझ्या केसांत.

दाराच्या डोक्यावरून चौफेर
जाळीची दुहेरी पट्टी फिरवली,
कोपऱ्यात न तोडता वळवली.
पोरगी त्याला काही वेगळं म्हणत होती.
मी म्हटलं, हा काठ.
करवतकाठीचं बघ,
अंग विरून जातं, काठ तसाच राहतो.

"मग आता पडणार नाही ना भिंत?"
पोरगी खोटं बोलली नाही.
"फाटेल, काकू. मोठा हादरा आला तर फाटेलच.
पण सांडणार नाही लगेच.
नातवाला उचलून
ओट्याखाली उतरण्याएवढा वेळ देईल."

एवढाच.
एवढ्यासाठी अकरा दिवस विणलं मी.

मग गिलावा चढला.
पिवळं सगळं राखाडी झालं, वरून चुना,
चुन्यावर नातवाचा पहिला तेलकट पंजा.
आयुष्यात विणलेलं प्रत्येक लुगडं
कुणी ना कुणी उजेडात धरून पाहिलं होतं.
हे कुणी पाहणार नाही.
पाहायची वेळ न येवो.

परवा उकंडराव आले, औजारांशिवाय.
चहा अर्धा झाल्यावर खिशातून चिठ्ठी काढली.
"तेरा बाय नऊ. मागची भिंत. दोन खिडक्या."
मी म्हटलं, पट्ट्या तुम्ही आणा.
पहाटे जा,
झाडूवाल्या यायच्या आधी.