सतरा इंच

विमानातली खुर्ची, दोन हातांच्या मधली, सतरा इंच.
फोनवरच्या बाईनं दोनदा सांगितलं,
कारण पहिल्यांदा मी विचारलं, मधली म्हणजे कुठून कुठवर?

मग सुतारकामाची पिवळी टेप घेऊन
हँकॉकच्या उतारावरच्या मिसेस लाह्टींच्या दुकानात
मी एकेक कारसीट उताणी पाडून मोजली,
बाजारात वासरू घ्यायला गेल्यासारखी.
साडेएकोणीस. मखमली, काळी,
कप ठेवायला दोन्हीकडे दोन कान.
कान विमानाला चालत नाहीत.
दुसरी सतरा भरली, पण उचलली तर एकवीस पौंड,
आणि शिकागोला फाटक बदललं की धावायचं असतं.
सतरा इंच. त्याला विघ्नं सतराशे.

"उलटी करा," मिसेस लाह्टी म्हणाल्या, "लाल अक्षरं बघा."
सगळ्यांच्या बुडाला काळ्या अक्षरांत पुराण लिहिलेलं,
विमानात चालेल, एवढं एकच वाक्य लाल.
मी गुडघ्यांवर बसून वाचलं.
बुटांवरचं बर्फ त्यांच्या फरशीवर वितळत होतं.

माझा भाऊ आर्व्हो म्हणतो, तेवीस महिन्यांची आहे,
मांडीवर फुकट जाते, तिकीट कशाला?
आपण पिकअपच्या हौद्यात उभे राहून वाढलो.
वाढलो खरे.
पण एकदा मोठ्या तळ्यावर विमान असं आदळलं होतं
की माझी कॉफी छताला लागली होती.
कॉफी मी दोन्ही हातांनी धरली होती.

घरची सीट आहेच. अवजड, कर्स्टननं निवडलेली,
ती इथं होती तेव्हा.
फटींत रस्त्याचं मीठ, ओटमील, एक हातमोजा.
ती गाडीतून काढायला मला पाऊण तास लागतो
आणि बसवायला एक भांडण,
आता ते एकट्यानंच करावं लागतं.

"वर्षातून किती वेळा?" मिसेस लाह्टींनी विचारलं.
कागदावर चार वेळा लिहिलंय, मी म्हणालो.
त्यांनी कोणता कागद ते विचारलं नाही.
मागच्या खोलीतून राखाडी रंगाची एक आणली,
आठ पौंड, बादलीची धाकटी बहीण दिसावी अशी.
"दिसायला काही नाही," म्हणाल्या, "पण धरते."

धरलं तिनं.
खिडकीशी, पट्टा मागून ओवून,
मी सीटवर गुडघा रोवून सगळा भार टाकला
तेव्हा हेल्मी मागं उभी राहून टाळ्या वाजवत होती.
मग तीन तास पुढच्या म्हाताऱ्याच्या पाठीवर लाथा.
तो एकदाच वळला, पडलेला बूट देण्यापुरता.
ढगांत विमान हललं तेव्हा माझे हात
उगीच तिच्या छातीवर गेले.
ती माझी बोटं बाजूला करून मनुका शोधत राहिली.

आल्बुकर्कीला कर्स्टनच्या गाडीत दुसरी सीट होती,
नवी, निवडुंगाच्या चित्रांची.
मी रुंदी विचारली नाही.
हेल्मीनं स्वतःच हात वर केले, पट्ट्यांसाठी,
तिला ते आता येतं.

येताना शिकागोला फाटक बदललं.
सीट पाठीला बांधून मी धावलो,
आणि एक बाई माझ्या मागं, मग आणखी मागं बघत राहिली,
या माणसाचं मूल मागं राहिलंय म्हणून.
तिला हाक मारून सांगावंसं वाटलं.
काय सांगणार, फाटक बंद होत होतं.

रात्री गॅरेजमध्ये बसलोय, हीटर पेटायला वेळ लावतोय.
खांद्याच्या पट्ट्यांना खाचा तीन. ती दुसरीत होती.
जूनमध्ये आणायला जायचं.
मी पट्टे सोडवून तिसऱ्या खाचेत घातले,
थोडा वेळ बघितले.
परत दुसरीत घातले.