सोळा सलग पानं

ओउलूत नोव्हेंबर. दुपारी तीनलाच काळोख.
वेइयोच्या पडद्यावर पुन्हा तीच बोंब:
सोळा पानं मागितली, मिळाली नाहीत.

मेमरी आहे तशी. भरपूर आहे.
एक पान इथं, दोन तिथं,
सलग मात्र कुठंच नाही.
वेइयोला हे समजावून सांगावं लागत नाही;
लेक तीन आठवड्यांची आहे
आणि त्याची झोपही अशीच,
बेरीज केली तर सहा तास.

ड्रायव्हर तसा समजूतदार.
सलग नाही मिळालं तर तुकडे घेतो, जोडतो,
काम अडत नाही कुणाचं.
मग कर्नलनं गावभर दवंडी का पिटावी?
वेइयो एक फ्लॅग जोडतो:
नसेल तर नाही म्हण, हळूच. ओरडू नकोस.

पण त्याखालची ओळ तो पुसत नाही,
हात रिकामा परत आला का, ते बघणारी.
उलट दोनदा वाचतो.

पॅच पाठवता पाठवता ध्यानात येतं,
पाळण्याजवळचा मॉनिटर बराच वेळ गप्प आहे.
सानेल्मा झोपलीय. सलग.
तो मोजे न घालताच उठतो,
गार लाकडावरून
श्वास मोजायला जातो.