पांढरी सुरी

दुशान्का सुरी आणते ती पांढरी, चिनी मातीची,
रात्रभर आम्लात बुडवून ठेवलेली.
पोलादाची चालत नाही.
पोलाद कापता कापता स्वतःचंही थोडं मागे ठेवतं
आणि मग माशातलं कुठलं, सुरीतलं कुठलं
हे यंत्राला सांगता येत नाही.
ती अंगठी काढते. कानातलंही.

गेलेर्टबाबा धक्क्यावर बसून हसतो.
त्याची सुरी त्याच्या बापाची,
पातं झिजून झिजून करंगळीएवढं उरलेलं.
"एवढं पोलाद गेलं कुठे गं?" विचारतो,
आणि उत्तरही स्वतःच देतो:
"आम्हीच खाल्लं."

तिसा आज संथ आहे, दूध कमी पडलेल्या कॉफीसारखी.
वर, दोन देश ओलांडून, डोंगरात जुन्या खाणी आहेत.
त्यांचं पाणी इथवर येईतो
रंग जातो, वास जातो,
कुठलं म्हणून विचारावं तर नावही सांगत नाही.
म्हणून मग माशाला विचारायचं.

ताडपत्रीवर पडलाय, माणसाच्या उंचीचा, मिशाळ.
दुशान्का त्याला सोम म्हणते, गेलेर्टबाबा हार्चा.
तो दोन्ही भाषांत गप्प.

कल्ले: कालपरवाचं पाणी.
यकृत: या वर्षाचं.
पाठीचं मांस, शेपटाकडचं, कातडीखालून दोन बोटं आत:
सगळा जन्म.
आणि कानातला खडा, मसुरीच्या डाळीएवढा.
त्यात वर्षाला एक वलय.
ती उजेडात धरून मोजते, चुकते, पुन्हा मोजते.
तेवीस.
"म्हणजे माझी एर्जी गेली त्या सालचा," गेलेर्टबाबा म्हणतो,
आणि थोडा वेळ माशाकडे वेगळ्या नजरेनं बघतो.

आपल्या जुन्या तराजूत मासा हे वजन होतं.
आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा.
सोनाराला गुंज पुरायची.
दुशान्काला गुंज म्हणजे डोंगर.
ती शोधते ते गुंजेच्या कणाच्या कणातलं,
जे चवीला लागत नाही, काट्यासारखं घशात अडत नाही,
नुसतं राहतं.
लहान मासा गिळतो, मोठा लहानाला गिळतो,
आणि ते राहतंच.

तीन आठवड्यांनी ती कागद घेऊन येते.
पारा: शून्य पूर्णांक सेहेचाळीस. मर्यादा अर्ध्याची.
कॅडमियमसमोर लिहिलंय, शोधमर्यादेखाली.
"म्हणजे नाही?"
"म्हणजे मला दिसलं नाही."
"मग खाऊ का नको?"
यावर अहवालात एक वाक्य आहे.
ती ते वाचून दाखवते. वाक्य लांब आहे.
मध्येच कुठेतरी गेलेर्टबाबा उठून
कढईखालचा जाळ सारखा करायला जातो.

परत येतो तो हातात कात्री घेऊन.
मानेवरची एक बट कापतो, पांढरी,
आणि तिच्या रिकाम्या पिशवीत टाकतो.
"वय एक्क्याऐंशी. दर शुक्रवारी एक मासा.
बापाची सुरी. लिही."

पिशव्यांना क्रमांक असतात, क्रमांकांना परवानगी लागते.
केसांसाठी वेगळी समिती, वेगळा अर्ज,
आणि तिची मंजुरी आहे फक्त
कल्ले असलेल्यांपुरती.
ती पेनाचं टोपण काढते, लावते.
मग लिहिते: तिसा, डावा काठ, क्रमांक अठ्ठावन्न.
जातीच्या रकान्यात काही भरत नाही.

रश्शाला लाल मिरचीची साय आली आहे.
तो वाढतो, दोन वाडगे, तिला न विचारता.
मांजराला डोकं.
ती हातमोजे काढते.
चमचा पोलादाचा आहे, कडेला झिजलेला.
क्षणभर धरून ठेवते,
मग फुंकर घालते.