मैनोद्दीनला आवाज सांगताना

गाडी सत्त्याण्णवची. माझ्याकडे आली दोन हजार सहात,
साखर पेठेतल्या राजेशम यन्नम यांच्याकडून.
सीटवर त्यांच्याच मागावरचा टॉवेल पसरलेला,
तो व्यवहारात धरला नव्हता, नुसता राहून गेला.
चावी देताना म्हणाले,
"डावं दार आतून उघडू नका, रुसतंय."
एवढीच वॉरंटी.

दर दसऱ्याला त्यांचा फोन येतो.
आधी क्लचप्लेटची चौकशी, मग माझी.

ती कुठे कुठे थांबली ते मला पाठ आहे.
सात रस्त्याला फॅनबेल्ट,
कुंभारीच्या अलीकडे कार्बोरेटरमध्ये कचरा,
आणि एकदा भर गड्ड्यात, पाळण्यांच्या मागे,
हॉर्न आपला आपणच वाजत सुटला, थांबेना.
पोरं टाळ्या पिटत होती, एक पोलीस हसत होता.
बॉनेट कसं उघडतात ते मी त्या दिवशी शिकले.

मे महिन्यात काटा लाल रेषेला टेकतो.
नळाला पाणी पाचव्या दिवशी.
प्यायची कळशी रेडिएटरमध्ये ओतताना
शेजारच्या गोदूताई खिडकीतून बघतात,
बोलत काहीच नाहीत.
बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मैनोद्दीनचं गॅरेज अक्कलकोट रोडला, लिंबाखाली.
पूर्वी तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर धरायचा,
मूठ कानाला, डोळे मिटलेले,
आणि आम्ही गाडीवाले रांगेत गप्प,
डॉक्टरनं छातीला नळी लावावी तसे.
"दोन नंबर," म्हणायचा. दोन नंबरच असायचा.

पण बाराव्या वर्षापासून आठ वर्षं तो मागावर होता.
ती खटखट त्याच्याकडून आता वसुली करतेय,
हप्त्याहप्त्यानं.
माणसाचं बोलणं अजून येतं कानात. यंत्राचं नाही.

गेल्या चैत्रात त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.
"मॅडम, आवाज कसलं येतंय, तुम्हीच सांगा."
मी म्हटलं, "येतोय काहीतरी."
"काहीतरी म्हणून पार्ट मिळत नाही ओ दुकानात."

मी बँकेत एकतीस वर्षं आकडे मांडले.
आवाज कुठल्या रकान्यात लिहायचा असतो?
खरखर वेगळी, घरघर वेगळी, हे मला कुठे माहीत होतं.
"कडक भाकरी मोडल्यागत?"
नाही. शेंगा फोडल्यासारखा.
"ओल्या का वाळल्या?"
मला विचार करावा लागला. ट्रक गेला, धूळ बसली.
वाळल्या.
"मग टॅपेट," तो म्हणाला,
आणि पान्यासाठी हात मागे केला.

पुण्याचा भाचा म्हणतो, विक.
भंगारवाला अठरा हजार म्हणतो, वर गाडी फुकट ओढून नेईन म्हणतो.
पासिंग पुढच्या वर्षी संपतंय.
हे सगळे हिशेब बरोबर आहेत, मी तपासलेत.

पण हल्ली मी रेडिओ लावत नाही.
काच खाली करून चालवते, उन्हातसुद्धा,
भिंतीजवळून गेले की आवाज परत येतो, नीट ऐकू येतो.
वळताना कटकट. ब्रेकला बारीक शीळ.
चढाला मागे कुठेतरी खुळखुळ,
ती डिकीतल्या जॅकची निघाली,
मैनोद्दीन इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

काल तुळजापूर नाक्यावरून येताना एक नवाच आला.
ठोका नाही, घासणंही नाही.
एकदा येतो आणि बराच वेळ येत नाही.
घरी आल्यावर इंजिन चालू ठेवून दारातच बसले,
एकेक शब्द लावून बघितला,
एकही बसेना.
गोदूताईंनी खिडकी लावून घेतली.

उद्या दहाला गॅरेज उघडेल.
तो बॉनेटवर पंजा ठेवून माझ्या तोंडाकडे बघत उभा राहील.
तोवर शब्द सापडला तर ठीक,
नाहीतर तो आवाज मीच काढून दाखवणार आहे,
सहासष्टाव्या वर्षी, भर रस्त्यात,
त्याच्या हेल्पर पोरांसमोर.