तिरकी रेघ

जुलैत गुडघा गेला, म्हणून मी टेबलावर आलो.
डॉक्टर खांडवेकरांनी एक्स-रे खिडकीला धरला,
म्हणाले, बाळा, उड्या आता दुसऱ्यांना मारू दे.
तेव्हापासून माझ्याकडे दोन पेनं, एक लाल एक निळं,
आणि तीन प्रतींचा कागद, मध्ये कार्बन.
बास्केट पडली की आकड्यावर तिरकी रेघ,
फ्री थ्रोला भरीव ठिपका.
एवढंच व्याकरण.
दिघे सर सांगायचे, टेबलावर बसणाऱ्याला कॉलेज नसतं.

इंदूरचा डिसेंबर. पहाटे साडेपाच,
कचऱ्याची गाडी गात यायच्या आधी
सिमेंटच्या कोर्टावर बॉल दगडासारखा वाजायचा.
सारंग किबे बोटांवर फुंकर मारून पास द्यायचा.
लोकेंद्र सांवेरहून पहिल्या बसनं,
सहा फूट चार, आणि डब्यात बाफले,
जे तो कुणाला देत नसे.
अल्ताफ मन्सूरीच्या घरचं रजाया भरायचं दुकान.
त्याच्या केसांत कापसाचा एखादा तंतू असायचाच;
तो रिबाउंडला उडाला की
तंतू त्याच्यामागून, सावकाश, खाली यायचा.
ते मी लिहीत नव्हतो. त्याला रकाना नव्हता.

महूला हरलो. धारला रिंग वाकडी होती, तरी जिंकलो.
देवासला लोकेंद्र पाच फाउल होऊन बाहेर बसला
आणि टॉवेल तोंडात धरून रडला,
तरी जिंकलो.
नंतर सगळे छप्पनवर, पोह्यांवर जिरावन टाकताना
सारंग म्हणाला, भिया, या साली काहीतरी होतंय.

सेमीफायनल आपल्याच कोर्टावर, रतलामशी.
बोर्ड बंद पडलेला. फर्स्ट इयरचा एक पोरगा
माझ्याकडे बघून पत्र्याचे आकडे उलटत होता.
अडुसष्ट–सदुसष्ट.
आपण एकानं. पोरांनी दिघे सरांना उचललं,
सरांची एक चप्पल रात्रभर सापडली नाही.

घरी कागद पुन्हा काढला, उगाच, आनंदानं वाचायला.
तिसरा क्वार्टर. अल्ताफच्या नावापुढे फाउल,
आणि त्याच उडीचे दोन गुण.
तो धडकला होता. शिट्टी आधी झाली होती.
पंचाची मूठ वर होती, बास्केट रद्द,
आणि मी "गेलाऽऽ" म्हणून ओरडत
तिरकी रेघ मारत होतो.
फाउल नंतर लिहिला. व्यवस्थित अक्षरात.

सरांनी कागद दिव्याखाली बराच वेळ धरला.
पंचांच्या सह्या झाल्यात, म्हणाले.
मग तरीही रतलामला फोन लावला.
पलीकडचे सर थोडे थांबले. म्हणाले,
अब क्या भिया, बच्चे तो सो गए.

अल्ताफला मी दुकानात जाऊन सांगितलं.
तो धुनकीपाशी उभा, भुवया पांढऱ्या.
शिट्टी ऐकली होती मी, म्हणाला.
मुझे लगा तूने काट दी होगी.
एवढंच. मग गिऱ्हाईक आलं.

उज्जैनला फायनल सतरा गुणांनी हरलो.
सरळ हरलो, त्यांचे पोरगे चांगले होते.
परतताना बसमध्ये मनाशी म्हणून पाहिलं, चला, फिटलं.
पण एका रेघेचा हिशेब सतरा गुणांत बसत नाही;
मी सांवेर फाट्यापर्यंत बसवत होतो.
लोकेंद्र तिथे उतरला. उतरताना
त्यानं डबा उघडून उरलेला बाफला माझ्या हातावर ठेवला.

सगळे पास होऊन पांगले. गुडघा थंडीत बोलतो.
गुलाबी प्रत माझ्या खणात आहे.
रतलामचा नऊ नंबर: बारीक, कानाशी टाके,
अल्ताफसमोर पाय रोवून उभा राहिला होता
आणि छातीवर धक्का घेऊन
सिमेंटवर पाठीनं पडला.
कोपर सोललं होतं.
नाव आहे कागदावर, माझ्याच हातचं.
पडल्या पडल्या तो हसला होता.
त्याला शिट्टी ऐकू आली होती.