दुसरं नाव

मुलाखती धानाच्या गोदामात होत्या.
निरीक्षक जिल्ह्याहून आलेले, सोबत फाईल
आणि पाण्याच्या बाटल्या मोजणारा एक पोरगा.
एका सर्कलचे आम्ही चार इच्छुक
बाहेर पोत्यांवर बसलेलो,
एकमेकांच्या चपलांची झीज दिसेल इतके जवळ.

माझ्या खिशात कागद होता.
रात्री दोनपर्यंत जागून लिहिलेला.
तलावाच्या ठेक्यात लांजेवारनं कोणाकोणाला जेवू घातलं,
कल्पना हटवारच्या फोनवर तिचा नवराच कसा बोलतो,
मेश्राम आधी कोणत्या झेंड्याखाली नाचला,
तारखा, साक्षीदार, सगळं.
स्वतःबद्दल दोन ओळी. त्यातली एक खोडलेली.

"नाव?"
"रूपचंद भेंडारकर, जी."
जात विचारली. खर्चाची ऐपत विचारली.
मी कागदाकडे हात नेला,
तेव्हा चष्मा पुसता पुसता ते सहज म्हणाले,
"समजा तुम्हाला नाही दिलं. मग कोणाला द्यावं?
आणि का? ते 'का' नीट सांगा."

कोणालाच नाही, मी म्हटलं.
ते लिहीत नव्हते. थांबले होते.
वर टिनावर एक कबुतर
या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं.

मग मला लांजेवार दिसला, उघडाबंब,
तलावाचं तुडुम अडकलं त्या रात्री,
काळ्या पाण्यात तीनदा बुडी मारून वर आलेला,
दात वाजत असताना ओरडणारा,
"शेपटाकडच्या बांध्यांले आधी जाऊ द्या रे!"
त्याची स्वतःची बांधी तर डोक्यालाच होती.
शेपटाला माझी होती.

आणि मेश्राम. दोनदा पडला.
दोन्ही वेळा निकालाच्या दुसऱ्या दिवशी
बादली आणि खराटा घेऊन
शाळेच्या भिंतीवरून स्वतःचा चेहरा
स्वतःच खरवडून काढत होता.
माझे फोटो अजून आहेत टाकीवर,
उन्हानं नाक गेलंय, हात तेवढे जोडलेले.

कल्पनाबाईंना डाव्या कानानं ऐकू येत नाही.
म्हणून फोन नवरा घेतो.
हे मला माहीत होतं.
कागदावर लिहिताना
रात्री दोन वाजता
तेवढंच कसं काय विसरलो, कोण जाणे.
ग्रामसभेत माईक काढून घेतला होता तिचा,
तर तिनं राशनची यादी तशीच वाचली, नावानिशी,
एकशे बारा घरं, आवाज बसेपर्यंत.

मी एक नाव घेतलं.
'का' सांगायला बराच वेळ लागला.
साहेबांनी लिहिलं की नाही, पाहिलं नाही.

तिकीट राईस मिलवाल्याच्या भाच्याला गेलं.
तो पोत्यावर बसलाच नव्हता.

आम्ही चौघं स्टँडवर तर्रीपोहे खात उभे,
शिव्या देऊन झाल्या होत्या.
लांजेवार म्हणाला, "तुले बी विचारलं काय बे, ते दुसरं नाव?"
"तुले?"
"मले बी."
मेश्राम लिंबू पिळत राहिला,
रस संपला तरी पिळत राहिला.
पोह्याचे पैसे कोणी दिले ते कळलंच नाही,
तिघांचे हात एकदमच खिशात गेले होते.
माझ्या हाताला कागद लागला.

"कोनाचं सांगितलं मंग, भाऊ?"
कल्पनाबाईंनी विचारलं,
आणि मान वळवून
उजवा कान माझ्याकडे केला.